नऊ वर्षांच्या मुलीला पहिली एअर रायफल कुठली घ्यावी, आणि साईट कुठली?

साताऱ्याच्या एका बाबांनी विचारलंय. मुलगी नऊ वर्षांची, वजन २८ किलो, उंची १३० सेंटीमीटर, पॅरिसला स्वप्नील कुसाळेने ब्राँझ मारलं ते टीव्हीवर बघितल्यापासून तिने रायफलचा हट्ट धरलाय, आणि हट्ट अजून टिकून आहे म्हणून बाबांना वाटतंय की खरंच शिकवावं. दुकानदाराने त्यांना स्प्रिंगची ब्रेक बॅरल एअर रायफल आणि तिच्यावर स्कोप म्हणजे दुर्बीण असं एकत्र सांगितलंय, "एकदाच घ्या, दहा वर्षं चालेल" म्हणून. घ्यावी का, आणि स्कोप नको असेल तर साईट म्हणजे नेम धरायचं साधन कुठलं, असा प्रश्न आहे.

मी वीस-बावीस वर्षं दहा मीटर रायफल शिकवतोय, त्यातली बरीचशी मुलं आठ ते चौदा वयातली. तर थेट सांगतो, ती रायफल घेऊ नका, आणि स्कोप तर नकोच नको. पण नुसतं नको म्हणून भागणार नाही, का नको ते समजलं तर पुढची दहा दुकानं तुम्ही स्वतः नीट फिराल, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सगळ्यात आधी वजन, कारण लहान मुलांच्या बाबतीत माझ्या मते सगळा खेळ इथेच होतो किंवा बिघडतो. दहा मीटर एअर रायफलला आंतरराष्ट्रीय नियमाने कमाल वजन साडेपाच किलो चालतं, मोठे नेमबाज साडेचार-पाच किलोची रायफल वापरतात आणि टीव्हीवर ती उचलताना काहीच वाटत नाही असं दिसतं. आता हिशोब करा, २८ किलोच्या मुलीने साडेचार किलोची रायफल धरली तर ते तिच्या वजनाच्या १६ टक्के झालं, म्हणजे ७० किलोच्या बाबाने ११ किलोची रायफल खांद्याला लावून तासभर उभं राहायचं. आणि नुसतं उभं राहायचं नसतं ना, रायफलच्या स्टान्समध्ये कंबर मागे आणि थोडी बाजूला वळलेली असते, डावा कोपर बरगडीवर किंवा कमरेच्या हाडावर टेकलेला असतो आणि रायफलचा सगळा भार पाठीच्या कण्यातून खाली उतरतो. मोठ्यांची हाडं, स्नायू तयार असतात, शिवाय कडक जॅकेट असतं. नऊ वर्षांच्या मुलीचा कणा अजून वाढतोय.

माझ्याच घरातली गोष्ट सांगतो. भाची दहा वर्षांची असताना शिकायला आली, मी तेव्हा नवीन कोच होतो, उत्साह भरपूर, तिला सरळ माझी मॅच रायफल म्हणजे स्पर्धेची रायफल दिली. मामाची रायफल मिळाली म्हणून पोरगी हरखून गेली. तीन आठवडे ती रोज आली, चौथ्या आठवड्यात पाठ दुखते म्हणाली, मी म्हटलं सवय होईल, आणि मग हळूहळू तिने यायचं बंद केलं. तिचा होल्ड म्हणजे रायफल स्थिर धरणं चांगलं होतं, मन शांत होतं, तिच्यात काहीच कमी नव्हतं, चूक पूर्णपणे माझी होती आणि ती मला आजही बोचते. तेव्हापासून कुठलंही लहान मूल आलं की मी ब्रँड, मॉडेल काही बोलत नाही, आधी मुलाला उभं करतो आणि मापं घेतो.

ही मापं तुम्ही घरीच घेऊ शकता. मुलीला उजवा कोपर काटकोनात वाकवायला सांगा आणि कोपराच्या आतल्या खोबणीपासून तर्जनीच्या पहिल्या पेरापर्यंत टेप लावा. रायफलच्या मागच्या टोकापासून म्हणजे बटप्लेटपासून ट्रिगरपर्यंतचं अंतर साधारण तेवढं असायला हवं, एखादा सेंटीमीटर कमी चालेल, जास्त नको. मोठ्यांच्या साध्या एअर रायफलला हे अंतर ३४-३५ सेंटीमीटर असतं, तुमच्या मुलीचं माप २७-२८ च्या आसपास निघेल. म्हणजे सहा-सात सेंटीमीटरचा फरक, आणि हा फरक मूल कसं भरून काढतं माहितेय? बट खांद्यावरून सरकवून दंडावर नेतं, मान पुढे ताणतं, उजवा खांदा वर उचलतं, आणि ट्रिगर बोटाच्या टोकाने कसाबसा ओढतं. सहा महिने असं चाललं की ती सवय अंगात बसते आणि मग पुढची दोन वर्षं कोच ती काढत बसतो. मुलगी मोठी झाली की रायफल बरोबर बसेल हा हिशोब फ्रॉकला चालतो, तिथे दोन बोटं जास्त कापड घेतलं तर काही बिघडत नाही, रायफलच्या बाबतीत मात्र आज जी मान वाकडी होते ती उद्या सरळ होत नाही.

दुसरं माप गालाचं. डोकं सरळ ठेवून गाल अलगद स्टॉकवर म्हणजे रायफलच्या मागच्या दांड्यावर टेकवला की डोळा आपोआप मागच्या साईटसमोर आला पाहिजे. डोळा शोधायला डोकं खाली दाबावं लागत असेल किंवा गाल हवेत राहत असेल तर चीकपीस म्हणजे गाल टेकवायचा भाग वर-खाली करता येणारा स्टॉक हवा. साध्या लाकडी स्टॉकला ही सोय नसते, मग काही ठिकाणी फोमच्या पट्ट्या चिकटवून गालाची जागा उंच करतात, तेही चालतं, मी केलंय, पण स्टॉकच उंच असला तर फोम काय करणार. तिसरं म्हणजे ग्रिप, लहान हाताला ग्रिप जाड झाली की तर्जनी ट्रिगरवर सरळ पडत नाही, तिरकी पडते आणि शॉट बाजूला ओढला जातो. हे बघायला आई-बाबांनी मुलीच्या मागे उभं राहून वरून बघायचं, लगेच कळतं.

आता स्प्रिंग की हवेचा सिलेंडर. दुकानात जी ब्रेक बॅरल मिळते तिच्यात बॅरल म्हणजे नळी मोडून, म्हणजे बिजागरीवर खाली वाकवून, आतली स्प्रिंग दाबायची असते, ट्रिगर दाबला की स्प्रिंग पिस्टनला पुढे ढकलते आणि पिस्टन हवेला. त्यामुळे पेलेट म्हणजे शिशाची छोटी गोळी अजून बॅरलमध्ये असतानाच रायफलला आधी मागे आणि मग पुढे असे दोन झटके बसतात. मोठा माणूस सरावाने तो झटका सांभाळतो, प्रत्येक वेळी पकड अगदी सारखी ठेवावी लागते. लहान मुलीने बरोबर नेम धरला, ट्रिगर छान दाबला आणि तरी पेलेट सातच्या रिंगमध्ये गेलं की तिला कळतच नाही तिचं काय चुकलं. आणि बॅरल मोडायला मोठ्यांनाही जोर लावावा लागतो, नऊ वर्षांच्या मुलीला ते जमणार नाही, म्हणजे प्रत्येक शॉटला बाबा रायफल लोड करून देणार, आणि अर्धवट मोडलेली बॅरल हातातून सटकली तर बोटं जायची भीती आहे, ही गोष्ट हलक्यात घेऊ नका.

पण स्प्रिंगची माझी सगळ्यात मोठी तक्रार वेगळीच आहे. तिच्यावर ड्राय मारता येत नाही. ड्राय म्हणजे पेलेट न घालता नुसता नेम धरून ट्रिगर सोडणं. स्प्रिंगच्या रायफलमध्ये पेलेटशिवाय ट्रिगर दाबला की पिस्टनला पुढून हवेची उशी मिळत नाही, तो धाडकन आपटतो आणि सील, स्प्रिंग खराब होते. मॅच रायफलला मात्र ड्राय फायरची सोय मुद्दाम दिलेली असते, ट्रिगर तसाच क्लिक होतो, हवा सुटत नाही. आणि लहान मूल नेमबाजी शिकतं ते जास्त करून ड्रायवरच, माझ्याकडे पहिले दोन-तीन महिने दहातले सात शॉट ड्राय असतात. भोक कुठे पडलं याची चिंता नाही, नुसतं साईटमध्ये काय दिसलं आणि ट्रिगर सुटताना रायफल कुठे हलली एवढंच बघायचं. जी रायफल ड्राय मारू देत नाही ती शिकवायला अर्धीच उपयोगाची.

मग घ्यायची कुठली? दाबलेल्या हवेची, म्हणजे पीसीपी, सिलेंडरवाली एक गोळीची मॅच रायफल, तीसुद्धा ज्युनियर आकाराची किंवा ॲडजस्ट होणाऱ्या स्टॉकची. वॉल्थर, फाइनवर्कबाऊ, अन्शूट्झ या जर्मन कंपन्या मुलांसाठी छोटी, हलकी मॉडेल काढतात, छोटा सिलेंडर, छोटा स्टॉक. हॅमर्लीची एआर २० आपल्याकडच्या क्लबांमध्ये बरीच दिसते, ॲल्युमिनियमचा स्टॉक आहे, लांबी कमी-जास्त होते, वजन चार किलोच्या आसपास. म्हणजे २८ किलोच्या मुलीला हातात धरून मारायला तीही जडच, पण रेस्टवर म्हणजे स्टँडवर टेकवून मारायला उत्तम, आणि पुढे पाच-सहा वर्षं तिच्याबरोबर वाढते. प्रिसिहोल, एसडीबी वगैरे देशी कंपन्यांच्याही रायफली आहेत, पण घेताना मॉडेल बघा, मोकळ्या मैदानात डबे पाडायला बनवलेली आणि दहा मीटर टार्गेटला बनवलेली यात फरक असतो, ट्रिगर हातात घेतला की कळतो. मॅच रायफलचा ट्रिगर दोन टप्प्यांचा असतो आणि १०० ग्रॅम किंवा त्याहून कमी वजनावरही सुटतो, लहान मुलांसाठी मी तो जितका जड करता येईल तितका करून देतो, कारण बोट चुकून लागलं आणि शॉट सुटला की मूल दचकतं आणि मग ट्रिगरला घाबरायला लागतं.

पैशाचं म्हणाल तर नवीन परदेशी मॅच रायफल लाखांच्या घरात जाते, तेव्हा सेकंड हँड बघायला अजिबात लाजू नका, मोठी झालेली मुलं आपल्या रायफली विकत असतात. फक्त एक गोष्ट न विसरता बघायची, सिलेंडरवरची तारीख. २०० बारची हवा भरतात त्याच्यात, आणि मॅच रायफलच्या सिलेंडरची मुदत उत्पादनापासून दहा वर्षांची धरतात, मुदत संपलेला सिलेंडर स्पर्धेत चालत नाही आणि घरात वापरू तर मुळीच नये. रायफल स्वस्त मिळाली आणि सिलेंडर बाद निघाला की नव्या सिलेंडरच्या किमतीत सगळा फायदा जातो. हवा भरायचं काम मोठ्या माणसाचंच, मुलीने त्या वेळी जवळसुद्धा उभं राहायचं नाही.

रेस्टबद्दल जरा थांबून बोलतो कारण आपल्याकडे यालाच लोक कमी समजतात. रेस्ट म्हणजे समोर स्टँड, त्यावर रायफलचा पुढचा भाग टेकवायचा, मूल उभंच राहतं, खांद्याला रायफल लावतं, पण वजन स्टँड घेतो. पालक येतात आणि म्हणतात सर, टेकवून काय मारायचं, ही चीटिंग झाली. अहो, जर्मनीत बारा वर्षांखालच्या मुलांना साधारणपणे एअर रायफलसुद्धा देत नाहीत, ती लाईट गन म्हणजे प्रकाशाच्या किरणाने मारायच्या रायफलीवर सुरुवात करतात, आणि त्या देशाचे नेमबाज काय दर्जाचे आहेत ते सगळ्यांना माहीत आहे. रेस्टवर मूल तीन गोष्टी शिकतं, साईट बघणं, ट्रिगर सोडणं आणि शॉट सुटल्यावरही दोन सेकंद तसंच राहणं म्हणजे फॉलो थ्रू. या तीन पक्क्या झाल्या की होल्ड नंतर अंगात ताकद आल्यावर येतोच. उलट आधी होल्ड शिकवायला गेलो तर हलणाऱ्या रायफलीतून मूल ट्रिगर हिसकायला शिकतं, "आला आला, मार" असं, आणि ही सवय मोडायला मला मोठ्या मुलांमध्ये अख्खा सीझन गेलाय. तुमच्या मुलीला मी किमान सहा महिने रेस्टवर ठेवीन, मग एका सेशनला पाच शॉट रेस्टशिवाय, मग दहा, असं.

आता साईट. स्कोप का नको ते आधी. दहा मीटरच्या स्पर्धेत स्कोप चालतच नाही हे एक. दुसरं, बरेचसे स्वस्त स्कोप लांबच्या अंतरासाठी बसवलेले असतात, दहा मीटरवर चित्र धुरकट दिसतं आणि डोळा जरा इकडे तिकडे झाला की क्रॉसवायर म्हणजे आतली नेमाची फुली टार्गेटवरून सरकते, नेम तोच असला तरी. तिसरं, वजन, तेही रायफलच्या वरच्या बाजूला, त्याने रायफल कलते. आणि चौथं जे मला सगळ्यात जास्त खटकतं ते म्हणजे स्कोप हलणं मोठं करून दाखवतो, मुलीला दिसतं की क्रॉसवायर टार्गेटभर नाचतेय, ती घाबरून रायफल आवळते, आवळली की आणखी नाचते.

उरल्या दोन, ओपन साईट आणि पीप साईट. ओपन म्हणजे मागे खाच, पुढे काठी, काठी खाचेच्या मधोमध आणि दोन्ही वर सपाट, त्यावर टार्गेटचा काळा गोल. शालेय स्पर्धांमध्ये ओपन साईटचा वेगळा प्रकार असतो, आणि रायफल स्वस्त पडते म्हणून जिल्ह्याच्या गावातली असंख्य मुलं तिथूनच सुरुवात करतात, त्यात कमीपणा काहीच नाही, नजर पुढच्या काठीवर ठेवायची शिस्त ओपन साईट फार चांगली लावते. पण नऊ वर्षांच्या मुलीला मी पीप साईटच देईन. कारण ओपनमध्ये डोळ्याला खाच, काठी आणि टार्गेट अशा तीन वेगवेगळ्या अंतरांवरच्या गोष्टी जुळवायच्या असतात आणि एकाच वेळी तिन्ही स्पष्ट दिसत नाहीत, मुलीला वाटतं डोळ्यात काहीतरी बिघाड आहे. पीपमध्ये मागे बारीक भोक असतं, त्यातून बघितलं की पुढच्या नळीतली रिंग दिसते आणि रिंगमध्ये टार्गेटचा काळा गोल. गोलात गोल. माणसाच्या डोळ्याला गोलात गोल मधोमध आहे की नाही हे न शिकवता कळतं, रांगोळीत ठिपका जरा बाजूला गेला तरी पोरींना लगेच दिसतो तसंच.

पण पीप लावली म्हणजे झालं असं नाही, पुढची रिंग किती मोठी घ्यायची यावर सगळं आहे आणि इथे अनुभवी पालकसुद्धा चुकतात. टार्गेटचा काळा भाग ३०.५ मिलिमीटरचा, दहा मीटरवर. पुढची रिंग डोळ्यापासून साधारण ८० सेंटीमीटरवर धरली, छोट्या रायफलला थोडी कमी, तर त्या जागी तो काळा गोल जेमतेम २.४ मिलिमीटर एवढा दिसतो. आता ३.२ ची रिंग लावली तर काळ्याच्या भोवती चहूबाजूंनी फक्त ०.४ मिलिमीटरची पांढरी कड उरते. रायफल जरा हलली की काळा गोल रिंगला चिकटतो, मुलगी ते थांबवायला धडपडते, श्वास कोंडून ठेवते, डोळा थकतो. मोठ्यांना बघून लोक बारीक रिंग लावतात, बारीक रिंग म्हणजे जास्त अचूक असं वाटतं. मी लहानांना ४.३ ते ४.५ ची रिंग लावतो, एक मिलिमीटरच्या आसपास मोकळी पांढरी कड मिळते, काळा गोल आत निवांत तरंगतो आणि मूल हलण्याची भीती न बाळगता ट्रिगर सोडतं. ग्रुप म्हणजे भोकांचा पुंजका लगेच लहान होतो, हे मी इतक्या वेळा बघितलंय की आता नवीन मूल आलं की रिंगचा डबा आधी काढतो. डोळ्याजवळचं मागचं भोकही फार बारीक नको, अंधारं दिसतं, ॲडजस्ट होणारी आयरिस म्हणजे भोक लहान-मोठं करायची चकती सुरुवातीला लागत नाही, आणि रंगीत फिल्टर वगैरे तर सोडूनच द्या.

मुलीला काय दिसतंय हे आपल्याला दिसत नाही, ही साईट शिकवण्यातली खरी अडचण. म्हणून मी एक करतो, प्रत्येक लहान मुलाजवळ वही आणि पेन्सिल ठेवतो. शॉट सुटला की टार्गेट बघायचं नाही, आधी वहीत काढायचं, रिंग काढ आणि शॉट सुटताना काळा गोल कुठे होता तो काढ. मग टार्गेटवर बघू. चित्र आणि भोक जुळलं तर शाब्बासकी, मग भोक आठमध्ये का असेना. जुळलं नाही तर दोनच कारणं, एकतर ट्रिगर ओढला किंवा बघायचं सोडून मुलगी टार्गेटकडे पळाली. एकदा एका पोरीने सलग वीस चित्रं काढली, सगळ्यात काळा गोल रिंगच्या बाहेर अर्धा. मला वाटलं तिला समजलंच नाही. मग तिच्या जागी उभं राहून तिच्या गालाच्या उंचीवरून बघितलं तर खरंच तसंच दिसत होतं, मागची साईट तिच्या डोळ्याच्या मानाने खूप वर होती आणि ती भोकाच्या कडेतून बघत होती. पोरगी खरं काढत होती. चीकपीस दीड सेंटीमीटर वर केली, झालं.

डोळ्यांचं अजून एक. रायफल घ्यायच्या आधी दोन्ही हातांच्या पंजांचा त्रिकोण करून मुलीला लांबची एखादी वस्तू, घड्याळ वगैरे, त्यातून बघायला सांगा, मग तुम्ही एकेक डोळा झाका, ज्या डोळ्याला ते घड्याळ त्रिकोणातच राहतं तो तिचा जोराचा डोळा. उजव्या हाताची मुलगी आणि जोराचा डोळा डावा असं निघालं तर घाबरू नका, बऱ्याच मुलांचं असतं, पण रायफल घ्यायच्या आधीच ठरवा, कारण मॅच रायफलची ग्रिप, चीकपीस डाव्या-उजव्याची वेगळी असते. इतक्या लहान वयात मी डाव्या खांद्यावर शिकवून बघतो, आठवड्यात जमलं तर उत्तम, नाहीतर उजव्यावरच ठेवून डाव्या डोळ्यापुढे पांढरी पट्टी लावतो. पट्टी पांढरी, अर्धपारदर्शक, रुंदी ३० मिलिमीटरपेक्षा जास्त नाही. काळी पट्टी लावू नका आणि डोळा मिटायलाही सांगू नका, एका डोळ्यापुढे अंधार केला की दुसऱ्याचीही बाहुली मोठी होते आणि चेहरा आवळला जातो. चष्मा असेल तर आधी डोळ्याच्या डॉक्टरांकडे जाऊन नंबर तपासून घ्या, आणि बघा की रायफलवर गाल टेकवल्यावर मुलगी काचेच्या मधूनच बघतेय ना, नाकाजवळच्या कोपऱ्यातून बघत असेल तर पुढची रिंग धूसर दिसणार.

साईटच्या चकत्यांना म्हणजे क्लिकना मुलीने हात लावायचा नाही, पहिलं वर्षभर. आणि तुम्हीही एका शॉटवरून लावायचा नाही. पाच शॉट मारू द्या, पाचही १० रुपयांच्या नाण्याखाली झाकले गेले की मग ग्रुप मधोमध आणा. १० चं नाणं २७ मिलिमीटरचं आहे, रेस्टवर मुलं त्याच्या आत लवकर येतात. टार्गेटवर दहाचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटरचा असतो, तो तिला दाखवूही नका इतक्यात, मी पहिले काही आठवडे टार्गेट उलटं लावतो, कोरा पांढरा कागद, त्यावर ग्रुप.

कायद्याचं आणि सुरक्षेचं सांगतो, हे वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. २०१६ च्या आर्म्स रुल्सप्रमाणे ४.५ मिलिमीटर म्हणजे पॉइंट १७७ ची आणि २० ज्यूलपर्यंत ताकदीची एअर रायफल घ्यायला लायसन्स लागत नाही, मॅच रायफली साधारण साडेसात ज्यूलच्या असतात. पण लायसन्स लागत नाही म्हणजे खेळणं आहे असं नाही, तिने डोळा जातो, जवळून त्याहून वाईटही होऊ शकतं. बिल मोठ्या माणसाच्या नावावर करा, ओळखपत्र द्या, रायफल नेताना बिल जवळ ठेवा आणि बंद बॅगेतून न्या. घरात रायफल कुलपात, पेलेट वेगळ्या कुलपात, किल्ली मोठ्यांकडे. मुलगी एकटी असताना रायफल बाहेर येता कामा नये, पाहुणे आले, मित्रमैत्रिणी आल्या, दाखव ना दाखव ना, तरीही नाही. बॅरलमध्ये सेफ्टी फ्लॅग म्हणजे ती रंगीत दोरी घातलेली असली तरी रायफल भरलेली आहे असंच समजून नळी कायम टार्गेटकडे. गच्चीवर, गॅलरीत, शेतात मारायचं नाही, पक्ष्यांवर तर अजिबात नाही, एकही नाही, पहिल्याच दिवशी मुलीला हे सांगा आणि घरातल्या काका-मामांनाही सांगा कारण तेच म्हणतात "मार बघू तो कावळा". डोळ्यांवर गॉगल रेंजवर सगळ्यांना, बघणाऱ्यांनाही. आणि पेलेट शिशाचे असतात, मुलं ते तोंडात धरतात हे मी स्वतः बघितलंय, म्हणून सराव झाला की साबणाने हात धुतल्याशिवाय खाण्याचा डबा उघडायचा नाही, रेंजवर खायचं नाही.

पेलेट सपाट तोंडाचे घ्या, कागदावर गोल स्वच्छ भोक पडतं, टोकदार नकोत. भारी डबा सुरुवातीला लागत नाही, पण एकाच कंपनीचा, एकाच मापाचा वापरा. जॅकेट, पँट, शूज आत्ता काहीही घेऊ नका, वर्षात आखूड होईल, आणि कडक जॅकेट पाठीचं काम स्वतः करतं म्हणून लहान मूल त्याच्यात लटकायला शिकतं. सपाट तळाचे बूट आणि जाडसर स्वेटशर्ट पुरे, डाव्या हाताला साधा हातमोजा.

आता तुमचं नक्की काय करायचं. आत्ता रायफल घेऊच नका. साताऱ्यात किंवा जवळ ज्या रेंजवर लहान मुलांच्या मापाची रायफल आणि रेस्ट आहे ती शोधा, एखाद्या शनिवारी कोल्हापूरला किंवा पुण्याला बालेवाडीला मुलीला घेऊन जा, नुसतं बघायला. कोल्हापूरच्या दुधाळीच्या रेंजवर तेजस्विनी सावंत, राही सरनोबत या नेमबाज घडल्या, ती जागा बघून पोरीला जे वाटेल ते नव्या रायफलीने वाटणार नाही. कोचला तीन प्रश्न विचारा, नऊ वर्षांच्या मुलीला रेस्ट देता का, रायफल कुठल्या वजनाची देता, आणि ड्राय किती करून घेता. तिसऱ्या प्रश्नाला "ड्रायने मुलं कंटाळतात" असं उत्तर आलं तर दुसरी रेंज बघा. आठवड्यात दोन दिवस, एका वेळी पाऊण तास, त्यात तीस-चाळीस शॉट ड्रायसकट, याहून जास्त नाही. मान, पाठ, खांदा दुखतो का हे रोज विचारा, हो म्हणाली की त्या दिवशी थांबा.

उशीर होईल याची काळजी करू नका. स्वप्नीलने महाराष्ट्राच्या क्रीडा प्रबोधिनीतून नेमबाजी धरली तेव्हा तो चौदाच्या आसपास होता, अंजली भागवत तर कॉलेजात एनसीसीतून आल्या आणि २००० ला सिडनीत ऑलिम्पिक फायनल खेळल्या. सहा-आठ महिने क्लबच्या रायफलीवर झाले, पोरगी स्वतःहून बॅग भरून दारात उभी राहायला लागली, की मग परत मापं घ्या, तोपर्यंत दोन-तीन सेंटीमीटर उंच झालेली असेल, आणि ॲडजस्ट होणाऱ्या स्टॉकची, चालू तारखेच्या सिलेंडरची, पीप साईटवाली सेकंड हँड रायफल बघायला लागा, ४.५ ची पुढची रिंग सोबत मागून घ्या, बऱ्याचदा विकणाऱ्याकडे नुसत्या बारीक रिंगच उरलेल्या असतात. आणि रायफल बघायला जाताना मुलीला घेऊन जा, तिच्या खांद्याला लावून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.